चार किलोमीटर उंचीचा एक ज्यूल

आयस्लँडची राजधानी रेक्याविक. तिच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की पाच-दहा मिनिटांत विदेय नावाच्या बेटावर पोहोचता येते. बेट एवढेसे, पावणेदोन चौरस किलोमीटरही भरत नाही. दर वर्षी ९ ऑक्टोबरच्या रात्री या बेटावरून प्रकाशाचा एक खांब सरळ आभाळात चढतो आणि ८ डिसेंबरपर्यंत रोज रात्री उभा राहतो. इमॅजिन पीस टॉवर हे त्याचे नाव. योको ओनो या जपानी कलावतीने तो आपला नवरा, गायक जॉन लेनन याच्या स्मरणार्थ उभारला आणि जागतिक शांततेला अर्पण केला. हवा निरभ्र असेल तर तो किमान ४,००० मीटर उंच भासतो. खाडीपलीकडच्या एस्या डोंगराची उंची ९१४ मीटर आहे. चार एस्या एकावर एक रचले तरी ते या खांबाच्या टोकाला पोहोचणार नाहीत.

आता जरा हिशेब करू. या खांबाचे दिवे सुमारे ७५ किलोवॉट वीज घेतात. म्हणजे दर सेकंदाला ७५ हजार ज्यूल. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे चार किलोमीटर चढायला त्याला सेकंदाचा ७५ हजारावा भाग पुरतो. दोन्ही आकडे एकमेकांना छेद देतात आणि उत्तर येते एक. कोणत्याही क्षणी त्या अवाढव्य खांबात असलेली एकूण ऊर्जा जास्तीत जास्त १ ज्यूल असते. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण दिव्यांनी घेतलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णतेत जातो. शंभर ग्रॅमचा एक कांदा जमिनीवरून उचलून मीटरभर उंच फळीवर ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात हा चार किलोमीटरचा स्तंभ उभा आहे.

हा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला. उत्तर तेच आले.

आणि तरीही शहरभरातून तो दिसतो. दिसतो तो हवेतल्या कणांमुळे. प्रकाशाचा झोत बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आपणहून येत नाही. वाटेत धूळ, धुके, पाऊस, बर्फाचे कण असतील तर त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश बाजूला फेकला जातो आणि तेवढाच आपल्याला दिसतो. हवा पूर्णपणे रिकामी असती तर खांब अदृश्य राहिला असता. म्हणून एका रात्री तो बारीक रेघेसारखा असतो, तर हिमवर्षावात भरीव, झगझगीत होतो. ढग खाली आले की त्यांच्या पोटावर उजेडाचे तळे तयार होते. ओनोने हे जाणूनबुजून योजले आहे. खांबाचे रूप दर रात्री हवामानच ठरवते.

खाली बेटावर डोळ्यांत भरणारे फारसे काही नाही. पांढऱ्या दगडाची एक गोल विहीर, तिच्यावर 'शांततेची कल्पना करा' हे शब्द २४ भाषांत कोरलेले, १५ सर्चलाइट, आणि त्यांतल्या काहींचे झोत सरळ वर वळवणारे आरशांसारखे प्रिझम. १५ दिव्यांत ७५ किलोवॉट वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५ किलोवॉट येतात.

या पंधरा दिव्यांतून दर सेकंदाला किती प्रकाशकण बाहेर पडतात? विजेचा विसावा हिस्साच दृश्य प्रकाशात बदलतो असे अगदी कंजूषपणे धरले, तरी संख्या १ वर २२ शून्ये एवढी होते. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत ते कण समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दर सेकंदाला सव्वा लाख कोटी प्रकाशकण येतील. आज जन्मलेल्या बाळालाही तेवढेच, आणि सीमेवर बंदूक धरून उभ्या असलेल्या शिपायालाही तेवढेच.

हे सगळे ज्या बाईच्या मनात आले तिचे बालपण लक्षात घेतल्याशिवाय या उजेडाचा अर्थ पुरता कळत नाही. योको ओनो १८ फेब्रुवारी १९३३ ला टोकियोत जन्मली. ९ मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर पावणेतीनशेहून अधिक अमेरिकी बी-२९ विमानांनी टोकियोवर सोळाशे टनांहून अधिक आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळून गेले. विदेयसारखी चोवीस बेटे त्यात मावतील. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. बारा वर्षांची योको त्या वेळी टोकियोतच, आश्रयाच्या तळघरात होती. पुढे मुलांना खेडेगावात हलवले गेले आणि तिथे उपासमार सुरू झाली. भुकेने कळवळणाऱ्या धाकट्या भावाला घेऊन ती उताणी पडून आभाळाकडे पाही आणि दोघे मिळून जेवणाचे बेत रचत: आज हे खायचे, मग ते खायचे. ताटात काहीच नसे, सगळे कल्पनेत. ही आपली पहिली कलाकृती, असे ती पुढे सांगत आली. आभाळ आणि कल्पना या दोन गोष्टींचे तिचे नाते तिथून आहे. आयस्लँडच्या त्या खांबात मला सर्वांत आधी ती दोन मुले दिसतात.

बॉम्ब पडले त्या रात्री टोकियोच्या आभाळातही प्रकाशाचे झोत फिरत होते. पण ते विमाने शोधत होते. सर्चलाइट ही मुळात युद्धाची वस्तू आहे. लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० चा, लिव्हरपूलचा, म्हणजे जर्मन विमाने ब्रिटिश शहरांवर बॉम्ब टाकत होती त्या काळातला. त्या शहराच्या आभाळातही असेच झोत होते. आणि प्रकाशाचे खांब उभे करण्याची कला तर याहून काळ्या हातांतून आलेली आहे. १९३० च्या दशकात न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यांत आल्बर्ट श्पेअर या वास्तुशिल्पकाराने सुमारे १३० विमानवेधी सर्चलाइट मैदानाभोवती बारा-बारा मीटरवर उभे करून आभाळात प्रकाशाचे मंदिर बांधले होते. झोत सहा ते आठ किलोमीटर उंच जात. जर्मन हवाई दलाकडे राखीव असलेल्या सर्चलाइटपैकी बहुतेक त्यासाठी आणले होते, असे श्पेअरने पुढे लिहिले. त्या उजेडाखाली उभ्या असलेल्या माणसांना आपण एकटे नाही, आपण अजिंक्य आहोत, असे वाटावे ही त्यामागची योजना होती. काही वर्षांतच त्यातली असंख्य माणसे मरायला आणि मारायला गेली.

१३० दिव्यांसमोर १५ दिवे. उंचीही कमी. तेच यंत्र, तोच प्रकाश, तेच आभाळ. ओनोने हे यंत्र शत्रूकडून काढून घेतले आणि परत दिले नाही, असे मी मानतो.

कल्पना जुनी होती. १९६५ मध्ये तिने फक्त प्रकाशाने बनलेल्या घराची कल्पना कागदावर मांडली होती. १९६७ मध्ये लेननने ती वाचली आणि 'असे घर माझ्या बागेत बांधून दे' म्हणाला. ते केवळ कल्पनेतले आहे, कसे बांधायचे मला माहीत नाही, असे तिने सांगितले. तो ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरासमोर गोळ्या लागून मेला, वय ४० वर्षे आणि ६० दिवस. बागेतल्या त्या मागणीनंतर चाळीस वर्षांनी, ९ ऑक्टोबर २००७ ला, लेननच्या ६७ व्या वाढदिवशी विदेयवर दिवे लागले. ओनो तेव्हा ७४ वर्षांची होती. लेननच्या वाद्यवृंदातला जुना साथी रिंगो स्टार आला होता, दुसरा साथी जॉर्ज हॅरिसन याची पत्नी ऑलिव्हिया आली होती, ओनो आणि लेननचा मुलगा शॉन होता. योगायोग असा की शॉनचा वाढदिवसही ९ ऑक्टोबरच.

ओनोने आयस्लँड निवडले ते विचार करून. जगाच्या उत्तर टोकाकडचा हा देश आपली जवळपास सगळी वीज पाणी आणि जमिनीखालची उष्णता यांतून काढतो. रेक्याविकजवळच्या हेलिशेइदी केंद्रात दोन किलोमीटरहून खोल विहिरी खणून वाफ वर आणतात आणि ३०३ मेगावॉट वीज बनवतात. त्या एका केंद्राच्या विजेवर असे चार हजार खांब पेटतील. दोन किलोमीटर खालची उष्णता वर येते आणि चार किलोमीटर वर उजेड होऊन जाते, असा हा प्रवास आहे. शिवाय आयस्लँडला स्वतःचे सैन्य नाही. केफ्लाविकचा अमेरिकी लष्करी तळ सप्टेंबर २००६ मध्ये बंद झाला आणि वर्षभराने हा दिवा लागला. शांत देशांच्या जागतिक यादीत आयस्लँड २००८ पासून पहिल्या क्रमांकावर आहे.

खर्चाचा हिशेब करायला मला आपले वीजबिल सोयीचे वाटते. खांब एका रात्री सहा तास पेटला तर ४५० युनिट. दहा रुपये युनिट धरले तर साडेचार हजार रुपये. ऑक्टोबर-डिसेंबरच्या ६१ रात्री, वर्षअखेरचे दिवस, ओनोचा वाढदिवस आणि वसंताचा पहिला आठवडा धरून वर्षाला साधारण ८० रात्री होतात. वर्षाचे बिल तीन लाख साठ हजार रुपये.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या, म्हणजे 'सिप्री'च्या, मोजणीनुसार २०२४ मध्ये जगाने सैन्यांवर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. भागाकार केला तर दर सेकंदाला सुमारे ८६ हजार डॉलर, आपल्या पैशांत ७२ लाख रुपयांच्या आसपास. म्हणजे जगाच्या लष्करी खर्चातला एकच सेकंद बाजूला काढला, तर हा खांब वीस वर्षे पेटत राहील. हे वाक्य वाचून होईपर्यंत खर्च झालेल्या रकमेत शंभर वर्षे.

पैशांपेक्षा ऊर्जेचा हिशेब मला जास्त हलवून गेला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची शक्ती सुमारे १५ किलोटन होती. विजेच्या भाषेत ते सुमारे १ कोटी ७४ लाख युनिट होतात. तेवढ्या विजेवर विदेयचा खांब दिवसरात्र साडेसव्वीस वर्षे चालेल. वर्षाला ऐंशी रात्री, रात्री सहा तास या वर धरलेल्या वेळापत्रकाने मोजले तर ४८० वर्षांहून जास्त. ही सगळी ऊर्जा हिरोशिमावर एका क्षणात मोकळी झाली आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली. ३० ऑक्टोबर १९६१ ला सोव्हिएत संघाने नोवाया झेम्ल्या बेटांवर ५० मेगाटनचा बॉम्ब फोडून पाहिला. त्याच्या ऊर्जेवर हा खांब अखंड ८८ हजार वर्षे जळला असता. ८८ हजार वर्षांपूर्वी माणसाला शेती माहीत नव्हती.

विहिरीपाशी आणखी एक संख्या पुरलेली आहे. ओनोने १९९६ पासून जगभर 'विश ट्री' उभी केली: एक झाड, शेजारी कागद, आपली इच्छा लिहायची आणि फांदीला बांधायची. जपानमधल्या देवळांत लहानपणी ती असेच करायची. २०१२ मध्ये दिल्लीतही तिची अशी झाडे होती. अशा इच्छा तिने एकही न वाचता जपल्या आणि आयस्लँडला पाठवल्या. खांबाच्या पायाशी आता दहा लाखांहून अधिक इच्छा आहेत. एकेक चिठ्ठी दहा सेकंदांत वाचायची म्हटले तरी न झोपता, न जेवता ११५ दिवस लागतील. त्यांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांत युद्ध थांबू दे असे असेल, कितीतरी चिठ्ठ्यांत आई बरी होऊ दे असे. शांततेच्या स्मारकाखाली दोन्ही हव्यातच.

आता वर पाहू. सहा तास दिवे चालू राहिले, तर त्या रात्री निघालेल्या प्रकाशाची रांग ६४८ कोटी किलोमीटर लांब असते. सूर्यापासून प्लूटोचे सरासरी अंतर ५९० कोटी किलोमीटर. खाली कळ बंद होते तेव्हा त्या रांगेचे शेपूट विहिरीत असते आणि तोंड प्लूटोच्या अंतरापलीकडे. अर्थात ढग आणि हवा बराचसा उजेड गिळतात, पण निरभ्र रात्री त्यातला पुष्कळ सुटून जातो. २००७ मधल्या त्या पहिल्या उजेडाने व्हॉयेजर-१ यानाला तीस वर्षे लागलेले अंतर पंधरा तासांच्या आत कापले. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रात्री दहा-साडेदहाला शर्मिष्ठा तारकासमूह रेक्याविकच्या जवळपास माथ्यावर असतो. त्यातला ईटा हा साध्या डोळ्यांना दिसणारा तारा आपल्यापासून १९ प्रकाशवर्षांहून थोडा जास्त दूर आहे. २००७ च्या ऑक्टोबरमधला उजेड २०२७ च्या सुरुवातीला तेवढ्या अंतरावर असेल. तोवर तो इतका फाकलेला असेल की कोणत्याही डोळ्याला दिसणार नाही. झोत अर्ध्या अंशाने फाकला तरी चंद्राच्या अंतरावरच तो चंद्राएवढा रुंद होतो, मग पुढचे काय सांगावे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आभाळात सोडलेला उजेड निरुपद्रवी असतोच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या स्मरणार्थ ७ किलोवॉटचे ८८ दिवे एका रात्रीसाठी लावतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सात वर्षांतल्या अशा सात रात्रींत सुमारे ११ लाख स्थलांतरी पक्षी त्या झोतांच्या प्रभावाखाली आले. वाट चुकून ते उजेडाभोवती घिरट्या घालत राहिले. दिवे विझवले की काही मिनिटांत पांगले. म्हणून तिथे पक्षी फार जमले की वीसेक मिनिटे दिवे बंद ठेवतात. शांततेचा दिवासुद्धा विझवता आला पाहिजे. विदेयचा खांब वर्षातल्या मोजक्या रात्रीच पेटतो हे मला म्हणूनच योग्य वाटते.

 

पण या खांबाच्या उजेडात दिसणारी सर्वांत मोठी संख्या बेटावर नाही, समोरच्या किनाऱ्यावर आहे. विदेयच्या विहिरीपासून पाण्यापलीकडे सुमारे तीन किलोमीटरवर होफ्दी नावाचे पांढरे लाकडी घर आहे. ११ आणि १२ ऑक्टोबर १९८६ ला अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह त्या घरात समोरासमोर बसले. त्या वर्षी जगातल्या अण्वस्त्रांची संख्या आजवरच्या शिखरावर होती, सुमारे ७० हजार. सगळीच अण्वस्त्रे नष्ट करण्याची भाषा त्या दोन दिवसांत झाली, आणि अमेरिकेच्या अंतराळ संरक्षण योजनेवरून बोलणी फिसकटली. दोघे हिरमुसले होऊन निघाले. मात्र तिथे जे ठरत आले होते ते वाया गेले नाही. वर्षभराने वॉशिंग्टनमध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला. तारीख होती ८ डिसेंबर १९८७. लेननच्या मृत्यूचा दिवस, आणि आता खांब विझण्याचाही.

त्या कराराखाली १ जून १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. १,८४६ सोव्हिएत, ८४६ अमेरिकी. एका देशाचे निरीक्षक दुसऱ्या देशात जाऊन, समोर उभे राहून ती मोजत होते. या लेखात मी प्रकाशकण मोजले, युनिट मोजली, प्रकाशवर्षे मोजली. त्या सगळ्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती ही चार आकडी संख्या, कारण ती माणसांनी बोलून, भांडून, पुन्हा बोलून घडवली. २ ऑगस्ट २०१९ ला तो करारही संपुष्टात आला.

सिप्रीच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात १२,२४१ अण्वस्त्रे होती. १९८६ च्या ७० हजारांतली ५८ हजारांच्या आसपास कमी झाली आहेत. उरलेली नऊ देशांकडे आहेत, आणि त्या नऊ देशांत आपला देश आहे.